झाडावरचे गेरूचे पट्टे

माझी जाऊ झाडायले टिकल्या लावते, असं आमच्या गावात म्हणतात. टिकल्या नाई, पट्टे. गेरूचे, बोटभर रुंद, बुंध्यावर आडवे ओढलेले. पण लोकायले हसायले काहीतरी पाहिजेच, अन् वच्छलाबाई असताना त्यायले दुसरं काही शोधावं लागत नाई. माघ लागला की ही बाई फुटक्या डब्यात गेरू कालवते, शेताच्या बांधाबांधानं, धुऱ्याधुऱ्यानं फिरते, एकेका झाडाले कवेत घेते, वर पाहात उभी राहते अन् मग पट्टे ओढते. गावात नवी सून आली की तिले देवळाच्या पहिले हे दाखवतात. मलेबी दाखवलं.

मी वडशाची, रेल्वेच्या गावातली. आमच्याकडे पाला म्हणजे अंगणातून झाडून टाकायची चीज. लग्न होऊन सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाले चिकटलेल्या ह्या गावात आली, तवा पहिल्याच हप्त्यात मी नवऱ्याले विचारलं, "काहो, तुमची वहिनी झाडायले काऊन मिठ्या मारते? डोस्कं ठिकाणावर आहे ना?" देवानंद एरवी प्रत्येक गोष्टीवर दात काढणारा माणूस. त्या दिवशी हसला नाई. "तिच्यासमोर असं बोलू नको," एवढं म्हणाला अन् ढोरायले पाणी दाखवायले निघून गेला.

मग शेजारच्या कुंतानं सांगतलं. कुंताले काही विचारावं लागत नाई, तिच्या दारासमोरून फक्त जावं लागते. माझे भासरे मनसाराम, म्हणजे देवानंदचे मोठे भाऊ अन् वच्छलाबाईचे मालक, एका वैशाखात ढोरायसाठी पाला आणायले जंगलात गेले होते. कोठ्यातली तणस, धानाचा वाळका पेंढा, संपली होती. कुठून तरी विकतची तणस येणार होती, तवरचे दोनचार दिवस काढायचे होते. पाला तोडून झाला, भारा बांधायले वाकले, अन् वाघानं मांगून धरलं. लोकायले भारा सापडला, त्याची गाठ अर्धीच मारलेली होती. "तवापासून ती गेरू घेऊन फिरते," कुंता म्हणाली. "हसावं वाटते अन् हसूबी येत नाई, असं आहे ते."

भासऱ्यायले मी पाह्यलं नाई, पण वच्छलाबाईले रोज पाहाते. तिले लेकरू नाई. सासू लवकर गेली, तवा देवानंद लहान होता, त्याले हिनंच भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत हाकललं. आता तो बाप्या झाला तरी त्याच्या ताटात भाजी वाढताना तिचा हात आपोआप जास्त वाकते. बोलणं कमी. जे बोलते ते अर्धं ढोरासंगं, उरलेलं झाडासंगं. माणसायच्या वाट्याले "हाव", "नाई" अन् "जेवलीस का" एवढंच येते. सुरवातीले मले वाटायचं, हिले मी आवडत नाई. मग समजलं, हिले बोलणंच आवडत नाई. मी एकटी दोघींच्या वाटचं बोलते, आमचं बराबर जमते.

तिच्यासंगं फिरायले लागली तवा कळलं की झाडाले मिठी मारणं हे सगळ्यात सोपं काम आहे. पहिले ती बुंधा कवेत घेते, हात मांगं भेटले की नाई ते पाहाते. मग मोठ्या फांद्या मोजते. मग एक फांदी तोडते, जाडीबी नाई अन् बारीकबी नाई, मधली. ती लाल्यासमोर टाकते. लाल्या आमचा बैल, खाण्यात लय नखरेबाज. संध्याकाळी त्याच्यासमोरच्या उरलेल्या काड्या उचलून हातात तोलते. "झाडावर किती हाय त्याले काय करतं व," मले म्हणाली, "ढोराच्या पोटात किती गेलं ते पाहा." उंबराचा पाला हाताले जड लागते, पण त्यात पाणीच जास्त. बेहड्याचा हलका, पण ढोर काडीबी ठेवत नाई. एवढं पाहून झालं की शेंड्याकडचा पाला हिशोबातून सोडायचा, नाईतं झाड पुढच्या साली फुटत नाई. जे उरलं त्याचे दिवस करायचे. एक पट्टा म्हणजे आमच्या कोठ्याचा एक दिवस. कोठ्यात लाल्या, त्याचा जोडीदार कबऱ्या अन् पांढरी गाय.

म्हणजे धुऱ्यावरच्या झाडायवर जेवढे पट्टे, तेवढे दिवस आमच्या घरच्या माणसाले पाल्यासाठी जंगलात जायची गरज नाई. हे ती तोंडानं कधी बोलली नाई, पण तिच्या प्रत्येक पट्ट्याचा अर्थ हाच होता.

मांगच्या साली सगळंच उलटं झालं. धान कापायले हार्वेस्टर आला. एका दुपारी बांध्या, म्हणजे धानाची वावरं, मोकळ्या झाल्या, आमी खुश. मग पाह्यलं तं तणशीचा सगळा चुरा, अर्धा चिखलात दबलेला. दरवर्षी घराएवढा ढीग लागायचा, त्या साली मांडीएवढा. त्यात पौषात नाल्याकडे वाघीण आली, संगं पिल्लं. फॉरेस्टवाले गाडीवर भोंगा लावून सांगून गेले, ढोरं जंगलात सोडू नका, एकट्यानं कुठी जाऊ नका. सगळ्या गावाची ढोरं खुट्याले बांधलेली अन् रिकाम्या तोंडानं हंबरून राह्यलेली. ते ऐकून माणसाच्या घशाखाली घास उतरत नाई.

अर्ध्या गावानं ढोरं बाजारात काढली. आमच्या घरातबी गोष्ट निघाली. पण बैल गेले तं रोवणीच्या चिखलात उतरायचं कोणी, अन् पांढरी तं गाभण होती. देवानंद म्हणाला, "वहिनी, तू सांग. मिरगाच्या पावसापर्यंत पाला पुरते का नाई? पुरते तं ठेवू, नाई पुरत तं आत्ताच काढू." कुंताबी येऊन बसली. तिची म्हैस दूध देत होती, तिले विकायचं म्हणजे पोटचं लेकरू देण्यासारखं. "बाई, माझी झाडंबी पाहून दे. तू म्हणशीन तं ठेवतो."

वच्छलाबाई गेरूचा डबा घेऊन निघाली. त्या खेपेले एकेका झाडाखाली ती दुप्पट वेळ उभी राहायची, मोजलेली फांदी पुन्हा मोजायची. देवानंद मांगून बोट दाखवायचा, "हे मोईचं झाड राह्यलं की."

"मोईले मिरगाशिवाय पान येत नाई. तवर लाकूड चारशीन काय?"

"बरं, मग हा मोह?"

"गुमान चाल," ती म्हणाली.

मोहाचं इथी असं आहे. मोहाले कोणी कोयता लावत नाई. फूल देते, फळ देते, बीचं तेल देते, लेकरासारखा घराच्या नावानं ओळखला जाते. आमचा मोह धुऱ्याच्या टोकाले, जंगलाकडे जायच्या पायवाटेवर. सासूनं मरताना तो वच्छलाबाईच्या हवाली केला होता. त्याचा पाला ढोरं खातात, हे सगळ्यायले माहीत आहे. तरी मोहावर पट्टा ओढायचं कोणाच्या मनातबी येत नाई. देवानंदनंबी चिडवायलेच विचारलं होतं.

त्याच दिवसात ढोरायच्या दवाखान्यातली दीपाली मॅडम लस टोचायले आली. पट्टे पाहून हसली नाई. तिनं आपला टेप काढला, दोन झाडं मोजली, मोबाईलवर काहीतरी केलं अन् म्हणाली, "बाई, तुमचा अंदाज माझ्या आकड्याच्या जवळच येते. पण एक ऐका. तिसरा हिस्सा हिशोबात धरू नका. कीड पडते, वारा येते, आग लागते. तेवढं सोडून जे राहील तेच आपलं." वच्छलाबाईनं "हाव जी" म्हणलं, चहा पाजला, अन् एकबी पट्टा पुसला नाई.

मले राहवलं नाई. "बाई, मॅडम सांगून गेल्या ना, तिसरा हिस्सा सोडा म्हणून?"

"सोडला तं मिरगाच्या लय पहिले संपते."

"मग संपते तं संपते. खरं ते कळलं तं पाहिजे!"

"संपल्यावर जाईन कोन?" ती एकदम मोठ्यानं बोलली. "तूच सांग, कोन जाईन?"

 आता वाटते, त्या खेपेले तिनं पाला मोजलाच नाई. मिरगापर्यंत किती दिवस आहेत ते मोजले अन् तेवढे पट्टे झाडायवर बसवले. एवढी हुशार बाई, पण भेव पोटात शिरलं की हिशोब असाच होते. तिनं सांगतलं, पुरते. आमी ढोरं ठेवली. कुंतानं म्हैस ठेवली.

फागुनात मोह फुलला. फुलं पहाटे गळतात, उजाडता उजाडता वेचायची असतात, अन् वाकून वेचायची असतात. खाली पाचोळा असला की फूल त्यात लपते, म्हणून मोहाखाली आग लावून जमीन साफ करायची इथली जुनी रीत. फॉरेस्टवाले ओरडतात, तरी लोक लावतात. आमच्या घरी लावत नव्हते. वच्छलाबाई खराट्यानं झाडून घ्यायची. पण त्या फागुनात बाजूच्या बांधीत, ओल्या मातीत, वाघिणीचा पंजा उमटलेला दिसला. माझ्या हाताच्या पंज्याहून मोठा. मी पाह्यला अन् तशीच उलट्या पायानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काडीपेटी घेऊन निघाली. मी म्हणलं, "आता हे काय नवीन?"

"तू फुलं वेचायले वाकशीन. तुया मांगं गवत हाय कमरेएवढं, त्यात काय बसलं ते दिसन का तुले? सगळं जाळून टाकतो. दूरवर मोकळं दिसलं पाहिजे."

वारा पडलेला होता. आमी दोघी हिरव्या फांद्या घेऊन उभ्या राह्यलो, कडा झोडपत राह्यलो. मोहाखालचं अन् आजूबाजूचं गवत जळलं, काळी गोल जमीन उरली, मध्ये मोह जसाच्या तसा. बाईनं चारही बाजूनं फिरून पाह्यलं, पायानं राख दाबली. मग आमी घरी आलो. एका जुन्या खुंटाच्या पोटात विस्तव राह्यला होता, तो आमाले दिसला नाई.

दुपारी वारा सुटला. कुंता ओरडत आली तवा मी भाकर थापत होती. बाहेर येऊन पाह्यलं तं धुरा पेटलेला. सुकं गवत, वारा, मग काय पाहता! आग मोहाले पाठ देऊन उलटी, आमच्याच झाडायकडे धावली. उंबर, बेहडा, सुबाभळीची रांग, अन् तिथून कुंताच्या बांबूच्या बेटात. बांबू फुटायचा आवाज गावभर. आख्खं गाव फांद्या अन् ओली पोती घेऊन धावलं. विझवता विझवता दिवस मावळला. झाडं मेली नाई, पण पाला गेला. जो राह्यला तो करपून तपकिरी झाला, हात लावला की चुरा.

लोक बोलले. बोलणारच ना! "पाल्याची मास्तरीण, अन् तिनंच पाला जाळला." कुंता दारात उभी राहून आमच्या घराचा सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. अन् दोन दिवसांनी म्हैस मूल गावच्या भावाकडे नेऊन बांधली. मग तिनं आमच्याशी बोलणं सोडलं. कुंता बोलत नाई, हे मले आगीपेक्षा जास्त लागलं. एक शिवी दे बाई, पण बोल!

वच्छलाबाई दुसऱ्या दिवशी ओला फडका घेऊन गेली. मी मांगं गेली, म्हणलं ही जिवाचं काही करते का काय. ती एकेक बुंधा पुसत होती. काजळीखाली गेरू दिसला की थांबायची, वर पाहायची अन् पट्ट्यावर बोट ठेवायची. मग कोळशाचा तुकडा घेऊन त्याच्यावर फुली मारायची. दिवसामांगं दिवस खोडत ती धुऱ्याच्या टोकापर्यंत गेली. उंबराच्या वरच्या अंगाले थोडं वाचलं होतं, पलीकडच्या दोनतीन झाडायले झळच लागली होती. बाकी सगळ्यावर फुल्या. मोहाखाली आल्यावर ती खाली बसली अन् पदर तोंडात कोंबून रडली. मी तिच्याजवळ बसली.  आग तिनं माझ्यासाठी लावली होती.

मग ढोरायचं एक वेळचं कमी केलं. तणशीचा चुरा भिजवून दिला, मोहाची फुलं घातली, भाताची पेज घातली. लाल्यानं नखरे सोडले, पुढं टाकलं ते खायले लागला. त्याच्या बरगड्या दिसायले लागल्या. पांढरीचं पोट खाली उतरत होतं अन् पाठ वर येत होती. कोठ्याजवळून जाताना ती मान वळवून पाहायची, अन् मी दुसरीकडे तोंड करून निघून जायची. बाई रोज धुऱ्यावर जाऊन करपलेल्या फांद्यायले नवी पालवी फुटली का ते पाहात होती. फुटत होती, नाई असं नाई. नखाएवढी. नखाएवढ्या पाल्यावर बैल जगते काय?

चैत सरता सरता फुली नसलेले शेवटचे पट्टे उरले. त्या दिवशी जेवताना देवानंद म्हणाला, "उद्या मी जातो. नाल्याच्या अलीकडं बांबू हाय, त्याचा पाला तोडून आणतो. चारपाच जण मिळून जाऊ, फटाके नेऊ. काही होत नाई."

माझ्या हातातली भाकर हातातच राह्यली. "काही होत नाई? तुमाले काय वाघिणीनं सांगून ठेवलं काय?"

"मग ढोरं मरू देऊ? पांढरीकडे पाह्यलं का तू?"

"तुमच्याकडे पाहू की पांढरीकडे!" मी ओरडली. मी बाईसमोर नवऱ्यावर कधी एवढी ओरडली नव्हती. मले वाटलं, आता बाई त्याले रागावन, पाय धरन, काहीतरी करन. ती घास हातात धरून बसून होती. तिनं एवढंच विचारलं, "कोन कोन येते संगं?"

त्यानं नावं सांगतली. मग तिनं हात धुतले अन् बाहेर गेली. मले तिचा असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं झाडं कवटाळली, अन् ज्यासाठी कवटाळली ते समोर आलं तं हात धुऊन गेली. डोळ्याले डोळा लागला नाई माझा. बाजूले देवानंद घोरत होता अन् मी त्याचा श्वास ऐकत होती.

पहाटे कवातरी झोप लागली. उठून पाह्यलं तं बाजूची जागा रिकामी. खुंटीवर कोयता नाई, दोरी नाई. मी तशीच बाहेर धावली. त्यानं ज्यायची नावं सांगतली त्यातला पहिला आपल्या अंगणात दात घासून राह्यला होता. "काल तं म्हणलं मी त्याले, दोन दिवस थांबू," तो म्हणाला. "गेला काय एकटाच?"

"बाई! वच्छलाबाई!" मी तिच्या खोलीकडे ओरडली. दार उघडं, आत कोणी नाई. मग मले काही सुचलं नाई. मी पायवाटेनं धावत सुटली. चप्पल कुठी राह्यली माहीत नाई. नुकतं फटफटलं होतं. धुरा काळा, झाडं काळी, अन् पुढं जंगल. प्रत्येक झुडूप मले हालताना दिसत होतं. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होती अन् मनात म्हणत होती, कोणी तरी आवाज दे, शिवी दे, काही दे.

मग आवाज आला. खट. थोड्या वेळानं पुन्हा खट. लाकडावर कोयता पडल्याचा.

मोहाखाली देवानंद उभा होता. खांद्यावर दोरी, हातात कोयता, मान वर. शाबूत. मी त्याच्या अंगावर जाऊन आदळली अन् दोन्ही हातानं त्याच्या छातीवर मारलं. त्यानं मले धरलंबी नाई. तो वर पाहात होता.

वर वच्छलाबाई होती. लुगड्याचा काष्टा मारलेला, एका जाड फांदीवर बसलेली, हातात जुना विळकोयता. खाली मोहाच्या फांद्यायचा सडा पडलेला. चैताची नवी पालवी, तांबडी, कोवळी, अन् हिरवी होत आलेली पानं. मोहाच्या बुंध्यावर गेरूचे पट्टे ओढलेले होते, एकाखाली एक, अजून ओले. मले समजायले वेळ लागला. त्या झाडावर गेरू मी कधी पाह्यला नव्हता.

"वहिनी, खाली उतर!" देवानंदचा आवाज फाटला होता. "पडशीन! अन् हे काय करून राह्यली? मोह हाय तो!"

"तुले जंगलात जायचं असन तं पहिले मले खाली उतरव," ती वरून म्हणाली. "मले उतरता येत नाई. अन् तोडून झाल्याशिवाय मी उतरत नाई."

खट. अजून एक फांदी आमच्या पायाशी पडली.

मी बुंध्याले हात टेकला, गेरू माझ्या तळव्याले लागला. "बाई, मोहाले तोडत नाई ना," मी म्हणलं. कशाले म्हणलं कोणास ठाऊक. तोंडात आलं ते निघालं.

ती थांबली. कोयता मांडीवर ठेवला. एवढं सलग बोलताना मी तिले त्याच्या पहिले कधी ऐकलं नव्हतं, अन् नंतरबी नाई.

"तुये भासरे त्या दिवशी इथीच उभे होते. देवानंद उभा हाय ना, तिथीच. असाच कोयता हातात. मी भाकर द्यायले आली होती. ते वर पाहून म्हणाले, काय व, इथलाच तोडू काय? वैशाख होता, वर गच्च पाला होता. मी म्हणलं, येडे झाले काय? सासूनं देल्ला मोह हाय. जा तिकडं." तिनं जंगलाकडे हात केला. "मीच म्हणलं, जा तिकडं."

 देवानंदले हे माहीत नव्हतं. कोणालेच माहीत नव्हतं.

"म्हणून याले मी कधी मोजलं नाई," ती म्हणाली. "सगळी झाडं मोजली, याले हात लावला नाई. मोजलं असतं तं कळलं असतं ना, किती दिवस होते याच्यावर."

 देवानंद खाली वाकून बुंध्यावरचे पट्टे पाहात होता. त्यानं विचारलं, "किती निघाले वहिनी?"

"मिरगापर्यंतचे हायत. या खेपेले तिसरा हिस्सा सोडून मोजले." तिनं कोयता पुन्हा उचलला. "त्या वैशाखात त्यायले दोनचारच दिवस पाहिजे होते."

देवानंदनं आपला कोयता जमिनीवर ठेवला अन् खांद्यावरची दोरी काढली. तो भारा बांधायले वाकला. मी त्याच्या मांगं गेली अन् जंगलाकडे तोंड करून उभी राह्यली, त्याची गाठ पुरी होईपर्यंत.